टॉवरवरचे तीन ठोके

देव मी मानतो. पण संकेत, साक्षात्कार, भूतखेत असल्या भानगडी सांगायला कुणी दुकानात आला, तर त्याला मी चहा पाजून वाटेला लावतो. तलासरीत माझं विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान आहे. मोटार जळली तर ती का जळली, याला कारण असतंच. खोलली की सापडतं. आयुष्यभर हेच केलं, त्यामुळे खालचं लिहायला माझं मलाच अवघड जातंय... तरी लिहितो. झालं तसंच.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, लायसन्स काढून, घरच्या वायरलेस सेटवरून लांबलांबच्या लोकांशी बोलायचं. हा नाद लावला कोसबाडच्या मास्तरांनी. तार खात्यातून रिटायर झालेले, कमालीचे शिस्तीचे आणि तोंडाने फटकळ. २०१५ साली माझ्या घरामागे, उधव्याच्या रस्त्याला, आम्ही पंचेचाळीस फुटी लोखंडी टॉवर उभा केला. अर्थिंगचा खड्डा त्यांनी माझ्याकडून दोनदा खणून घेतला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळं स्वतः उकिडवं बसून तपासलं. "विजेला जमिनीत जायला वाट दे रे बाबा, नाहीतर ती तुझ्या घरातून वाट काढेल," म्हणायचे.

आणि त्यांचा एक नियम होता. वर चढलेल्याला वाऱ्यात खालचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खाली एक माणूस हवाच आणि त्याच्या हातात पाना हवा. पान्याने टॉवरच्या पायावर एक ठोका दिला, म्हणजे काम चालू दे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे हातातलं सोड आणि खाली ये. तीन ठोक्यांना "का?" विचारायचं नाही. मी एकदा वरूनच "काय झालं?" म्हणून ओरडलो होतो. खाली आल्यावर चारचौघांत माझी अशी काही काढली की आठवडाभर मी त्यांच्याकडे फिरकलो नाही!

२०१८च्या दिवाळीनंतर आमच्या भागातली जमीन हलायला लागली. लोक भर थंडीत अंगणात, तंबूत झोपू लागले. हादरा बसला की सगळे एकदम फोन लावणार, आणि नेटवर्क ठप्प. तेव्हा माझा सेट कामाला यायचा. पाड्यांवरची खबर मी डहाणूच्या एका हॅमला द्यायचो, तो ती तहसील कचेरीत पोचवायचा. कुणाची भिंत पडली, कुणाला लागलं, सगळं. मास्तरांना मात्र त्याच सुमारास लकव्याने गाठलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

२०१९च्या फेब्रुवारीत एका हादऱ्याने वरच्या अँटेनाची केबल निसटली आणि सेट मुका झाला. खाली पाना घेऊन उभा राहणारा माझा शेजारी लख्मा लग्नाला झाई गावी गेलेला. दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"लख्मादादा उद्या येतोय ना? एवढी काय घाई?" बायको म्हणाली. नीता अंगणवाडीत मदतनीस आहे, निघायच्या गडबडीत होती.

"आणि आज मोठा हादरा बसला तर? पाड्यावरच्या पोरांची खबर कोण देणार, तुझा लख्मादादा?"

"मग चढ! ऐकलंयस कधी माझं?" आणि ती गेली.

सेटची वीज काढली, पट्टा आवळला. प्रत्येक गोष्ट वेळेसकट लॉगबुकात लिहायची सवय, म्हणून लिहिलं – दहा वीस, टॉवरवर चढतोय. एकटा.

अर्ध्यापर्यंत गेलो असेन. वारा अगदी बेताचा होता. आणि लोखंडावर ठोका पडला. ठण्... ठण्... ठण्. नुसता ऐकू नाही आला, तळहाताला लागला. खालून पाना मारल्यावर लागतो तसाच.

खाली पाहिलं. कुणीही नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा रागच आला. कोण मस्करी करतंय म्हणून दोनचार शिव्या हासडल्या. पुन्हा तीन. तेव्हा मात्र मास्तरांची ती बोलणी आठवली, आणि मुकाट्याने उतरलो.

खाली चिटपाखरू नव्हतं. पाना पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. टॉवरभोवती फिरलो तेव्हा दिसलं. टॉवर तोलून धरणाऱ्या तीन तारांपैकी मागच्या तारेचा टर्नबकल, म्हणजे ताण आवळायचा स्क्रू, उलटा फिरत फिरत शेवटच्या आट्यांवर आला होता. तो असा फिरू नये म्हणून त्यातून बारीक तार ओवून पीळ द्यावा लागतो. आठवड्यापूर्वी ताण आवळले तेव्हा दोन टर्नबकलना पीळ दिला, तिसऱ्याला "उद्या देऊ" म्हणालो होतो. गाढव मी, दुसरं काय!

पाना आणायला पेटीकडे वळलो, पाचसहा पावलं गेलो असेन, तोच हादरा बसला. फार मोठा नव्हता. पण मागची तार चाबकासारखी सुटली आणि टॉवर माझ्या डोळ्यांदेखत मधोमध मोडून आडवा झाला. जिथे मी लटकत होतो, बरोबर तिथेच. मी तिथेच बसून रडलो. लाज कसली त्यात.

दुपारी मास्तरांच्या सूनबाईंचा, वर्षावहिनींचा फोन आला. "दिनेशभाऊ, तुम्ही बरे आहात ना? बाबांना सकाळी काय झालं कळेना. डाव्या हाताने चमचा घेऊन खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटत होते. तीनदा, थांबून परत तीनदा. साडेदहाची गोळी द्यायला गेले तर घामाने ओले!"

कोसबाड माझ्या घरापासून वीसेक किलोमीटर तरी आहे.

नंतर कारण शोधायचं मी काही बाकी ठेवलं नाही. डहाणूचा हॅम म्हणाला, अर्थिंगच्या पट्टीचा क्लॅम्प ढिला होऊन आपटला असेल. पाहिला, घट्ट होता. आधी बारीक हादरे बसले असतील म्हणावं, तर हादरा मोजून तीन ठोके देतो का? आणि खाटेवरच्या चमच्याचं काय? नीता म्हणते, देवाने वाचवलं, आता हा नाद पुरे.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेलो. सगळं सांगितलं, न दिलेल्या पिळासकट. ते छताकडे बघत होते. शेवटी विचारलं, "मास्तर, बंद करू? की पुन्हा उभा करू?"

मग डावा हात सरकला, चमच्यावर आला. दांड्यावर एक ठोका पडला. एकच.

पुढच्या पंधरा दिवसांत टॉवर पुन्हा उभा केला. अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला, तिन्ही टर्नबकलना आधी पीळ दिला, आणि लख्मा पाना घेऊन खाली उभा राहिल्यावरच वर चढलो. त्या संध्याकाळी पाड्यांची खबर डहाणूला गेली.

लॉगबुकात प्रत्येक बोलण्याची वेळ, समोरच्याचं नाव आणि फ्रिक्वेन्सी लिहावी लागते. ते ठोके पडले त्या सकाळच्या ओळीत वेळ लिहिली आहे, नाव मास्तरांचं लिहिलं आहे. फ्रिक्वेन्सीचा रकाना अजून कोराच आहे.