मंजीच्या वाट्याचं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? — ठाऊक नाही. पण सांगते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी पनवेलच्या एका दवाखान्यात नर्स होते. दर मंगळवारी खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या वाडीत जायचं, बाळंतिणी बघायच्या, आणि ज्या लेकरांना अंधारून आलं की दिसेनासं व्हायचं त्यांना माशाचं तेल पाजायचं. वास असा की पोरं मला बघूनच धूम ठोकत. बायका मात्र मला मानायच्या — आणि मला ते फार आवडायचं, हेही कबूल करते.

जानकीची मंजी दोन वर्षांची. तिन्हीसांजेला भिंतीवर आपटायची, म्हणून तिला तेल सुरू केलं होतं. तेवढ्यात गोवर आला. गोवर म्हणजे घरात देवी — चुलीवर फोडणी नाही, तेलाचा थेंब नाही, पोर अंधाऱ्या खोलीत. जानकी कुंपणापर्यंत माझ्यामागे धावत आली.

"बाय, देवी घरान हाय. त्याल देऊ का नको?"

मला माहीत होतं. गोवरातच अशा पोरांचे डोळे झपाट्याने जातात, तेव्हाच तेल चुकवायचं नाही — शिकवलं होतं मला. पण दारात तिची सासू उभी होती. नर्सबाई देवीच्या आड आली असं वाडीभर झालं असतं तर? मला पुन्हा कुणी बाळंतपणाला बोलावलं असतं? मी म्हटलं, देवी जाईपर्यंत थांब. डोळे बघायला आतसुद्धा गेले नाही.

आठ दिवसांनी जानकीच पोरीला घेऊन दवाखान्यात आली. दोन्ही बुबुळं पांढरी पडलेली. डॉक्टर कडाडले — तेल का बंद केलं? आणि मी — मी म्हटलं, आईने ऐकलं नाही.

जानकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांसमोर डॉक्टर तिला वाट्टेल ते बोलले. तिने पोरीच्या डोळ्यांवर पदर धरला आणि सगळं ऐकून घेतलं.

मंजीला पुन्हा कधी दिसलं नाही. पुढे कितीतरी वर्षं जानकी वाडीतल्या लेकुरवाळ्यांना हाताला धरून माझ्याकडे आणायची आणि माझ्यादेखत सांगायची, "बायचा आयका. मी नाय आयकला, म्हनून माजे पोरीचे डोले गेले."

तिला खरंच तसं वाटू लागलं होतं, की ती मला सांभाळून घेत होती? विचारायची हिंमत मला झाली नाही. मी खाली मान घालून चमचा भरत राहायचे.

तिने ऐकलं होतं. माझंच ऐकलं होतं.