आवाज बंद करून पास केलेला सिनेमा

इथे आखातात, अल मनखूल भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हॅलोवीनचा सिनेमा ठरवायला तीन मराठी बापांची कमिटी आहे. मी तिच्यात आहे, हे सांगायला लाज वाटते. आमच्या लहानपणी भुताची भीती फुकट मिळायची, इथे तिला मंजुरी लागते. आया मीना बाजारातून काळं कापड आणून झगे शिवून घेतात, कोरलेल्या भोपळ्याचा गर दुसऱ्या दिवशी घारग्यांत जातो, आणि कुठला सिनेमा खरा हॅलोवीनचा यावर ग्रुपवर दोन आठवडे खल चालतो.

मुलांचं म्हणणं सोपं होतं. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने मला बजावलं, "बाबा, इट हॅज टु बी स्केअरी. अदरवाइज इट डझन्ट काउंट." कमिटीचं म्हणणं नेमकं उलटं. कोणी घाबरता कामा नये. रक्त नको, चुंबन नको आणि दिवाळी तोंडावर आलेली, तेव्हा अभद्र काही नको. एवढं वगळल्यावर उरतं काय? डोंबल!

तपासणीची आमची तऱ्हा तर आणखी थोर. शुक्रवारी अर्धाच दिवस काम, तेही घरून. तेव्हा तिघं माझ्या हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसतो, प्रत्येकाच्या कानात आपापली मीटिंग, आणि टीव्हीवर सिनेमा दुप्पट वेगाने, आवाज बंद करून. कमिटीतला माझा शेजारी ऑडिटर आहे, तो याला 'क्लिअरन्स' म्हणतो. ज्या गृहस्थाला बायको कशाने रुसली हे तीन दिवस कळत नाही, तो पडद्यावरची माणसं तपासणार!

यंदा त्याने एक सिनेमा चाळीस मिनिटांत निकालात काढला. एक म्हातारी, एक घर, एक फोन आणि पुष्कळशी झाडं. "अरे, यात काहीच नाहीये," तो म्हणाला. "फॅमिली ड्रामा आहे. पास! यल्ला, नेक्स्ट." मीही मान डोलावली. माझं लक्षच नव्हतं. त्याच आठवड्यात आईने पुण्याहून विचारलं होतं, "दिवाळीला येतोस का रे?" बाबा गेल्यापासून ती फ्लॅटवर एकटीच असते. मी म्हटलं, "लीव नाही गं." लीव होती. सगळी बिल्डिंग जॉर्जियाला सहलीला निघाली होती म्हणून मी ती राखून ठेवली होती. दुसऱ्यांना हसणाऱ्या माणसाची ही लायकी.

शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये दहा-बारा मुलं झगे घालून बसली. आम्ही तिघं मागे खुर्च्यांवर. सिनेमा पहिल्यांदाच आवाजासकट लागला.

म्हातारी फोनवर परदेशातल्या मुलाशी बोलत होती. जेवलास का, थंडी आहे का तिकडे, असंच. पलीकडून मुलगा म्हणायचा, "येतो आई, पुढच्या महिन्यात." अर्ध्या तासाने कॅमेरा खाली आला आणि दिसलं, फोनची वायर तुटलेली आहे. मुलाचा तो आवाज म्हातारीच काढत होती. रोज स्वतःच विचारायची आणि स्वतःच, त्याच्या आवाजात, येतो म्हणायची. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ऑडिटर चष्मा काढून पुसत बसला. तिसरा उठून बाल्कनीत गेला तो परत आलाच नाही.

दिवे लागल्यावर मुलांनी निकाल दिला. "दॅट वॉज जस्ट सॅड," माझी लेक म्हणाली. "डझन्ट काउंट." आणि सगळी चॉकलेटांवर तुटून पडली. त्या पोरांचा मला इतका राग आला की काही विचारू नका. मग लक्षात आलं, त्यांना कशाला भीती वाटेल? त्यांनी कोणाला मागे ठेवलेलं नाही.

मी आत जाऊन बेडरूमचं दार लावलं आणि आईला फोन लावला. मी तिला फक्त रविवारी सकाळी फोन करतो, नाश्ता झाला की. वर्षानुवर्षं तेच. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गं आई. दिवाळीला येतोय, एवढंच सांगायचं होतं."

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज बंद केला. मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "खरं सांग. कोण आजारी आहे?"