भाऊजींचा माइक

माझे धाकटे दीर माइक-स्पीकर भाड्याने देतात. माइक ज्याच्या हाती दिला, त्याचं बोलणं संपेपर्यंत वायरला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम.

परवा कॉलेजात मुलं धरणं धरून बसली होती. तिथली प्रार्थनेची खोली फक्त आमच्या धर्माच्या मुलांना मिळते. ती सगळ्यांना मिळावी, काहीच न मानणाऱ्यांनासुद्धा, असं एक मुलगी भाऊजींच्या माइकवरून तावातावाने सांगत होती. मी भाऊजींचा डबा घेऊन गेले, तेवढ्यात प्राचार्य त्यांना म्हणाले, "हिचा आवाज बंद करा. नाहीतर यंदा संमेलनाचं काम विसरा."

प्राचार्य गेले. भाऊजी माझ्याहून देवभोळे. पुटपुटले, "काहीच्या बाही बोलतेय पोरगी."

"मग काढा की वायर."

"तिचं संपू दे, वहिनी. मग मीच बोलणार आहे."

आणि खरंच उठले. जन्मभर माइकवर "हॅलो, हॅलो" एवढंच म्हटलेला माणूस. आताही तेवढंच म्हणून अडला. मुलं हसली. ती मुलगी म्हणाली, "बोला काका, ऐकतोय आम्ही."

मग भाऊजींनी तिचा मुद्दा मनसोक्त खोडून काढला.

संमेलनाचं काम गेलंच. भाऊजी मात्र येईल त्याला ऐटीत सांगतात, "एवढं बोललो, पण एकानेही वायर काढली नाही."