हाराआधीचा फोटो

सिल्वासाला मी चित्रकला शिकवायला गेले तेव्हा माझ्याकडे दोन ट्रंका, एक स्टोव्ह आणि भावाने घेऊन दिलेला जुना कॅमेरा होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शाळा सरकारी, राहायला रांगेतल्या खोल्यांपैकी शेवटची खोली. मी एकटी बाई, म्हणून कोपऱ्यातली शांत जागा निवडली, असं घरमालकाला वाटलं. मी उत्तरेकडची खिडकी बघून खोली घेतली होती. तिथून दिवसभर सारखा, मऊ उजेड यायचा.

शाळेत मी मुलांना स्थिरचित्र काढायला लावायचे. चुरगळलेली चादर, त्यावर तांब्या, दोन वांगी, एक कांदा. मुलं कंटाळायची. खरं सांगायचं तर मीही. पण रविवारी घरी त्याच सामानाचे फोटो काढायला लागले आणि कंटाळा कुठल्या कुठे गेला. वस्तू बऱ्या. हलत नाहीत, मी कशी दिसते म्हणून विचारत नाहीत, आणि काम झाल्यावर त्यांची भाजी करता येते. माणसांच्या फोटोंचा मला उत्साह नव्हता. शाळेतले सहकारी कॅमेरा दिसला की केस विंचरून, श्वास कोंडून उभे राहत. त्यांच्यासाठी बाजारातला स्टुडिओवाला होता. त्याच्याकडे रंगवलेला बगीचा आणि प्लॅस्टिकची फुलं होती.

फिल्म मी घरीच मोरीत धुवायचे. मोरीच्या झरोक्यावर टांगायला जाड काळं कापड आणलं होतं. मोठे फोटो करायला स्टुडिओवाला दुपारच्या रिकाम्या वेळात त्याचं यंत्र वापरू द्यायचा. ‘बाई, कांद्याला स्थळ मिळालं का?’ असं विचारल्याशिवाय मात्र त्याने मला कधी आत घेतलं नाही.

दोन खोल्या सोडून खानदेशातलं एक कुटुंब राहत होतं. मुलगा मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात होता. घरात बायको, दोन लहान मुली आणि त्याची आई. मुलगा माझ्याशी मराठी बोलायचा, त्यात हिंदी आणि गुजराती येऊन-जाऊन असायची. आई फक्त अहिराणी बोलायची. मला सुरुवातीला निम्मं कळायचं, नंतर बरंचसं कळायला लागलं.

या म्हातारीकडे पाचोऱ्याकडच्या गावाहून आणलेला एक तांब्याचा लोटा होता. एका बाजूने चेपलेला, काठाला काळपट झालेला. मला तो फोटोसाठी हवा होता. मागितला तर तिने दिला, पण लोट्याबरोबर स्वतःही आली आणि दाराशी बसली. लोटा परत मिळेल याची तिला खात्री नसावी. मी तासभर तो बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत राहिले. ती बघत राहिली. शेवटी म्हणाली, ‘लोटाना एवढा फोटो काढात. मना एक काढा.’

मी टाळायला म्हटलं, स्टुडिओत छान काढतात. ती म्हणाली, तिथे मुलगा नेणार नाही, आणि तिला बगीचा नको होता. मग तिने कारण सांगितलं. नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. ‘त्यासना एकबी फोटो नही. तोंड याद नही ऱ्हायनं आते.’ ती हे रडून सांगत नव्हती. हरवलेल्या वस्तूबद्दल सांगावं तसं सांगत होती. नवऱ्याचे हात आठवतात, चाल आठवते, आवाज थोडा आठवतो, चेहरा गेला. आपलं तसं होऊ नये, आपल्या नातींना आपलं तोंड माहीत असावं, एवढंच तिला हवं होतं.

पुढच्या रविवारी मी तिला खिडकीशी बसवलं. मागची भिंत पोपटी होती आणि तिच्यावर वाळवीचा डाग होता, म्हणून मोरीचं काळं कापड काढून मागे टांगलं. डोक्यावर पदर. कुंकू गेलेलं, पण कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण तसंच. मी तिला हस म्हटलं नाही, बघ म्हटलं नाही. लोट्याला जेवढा वेळ दिला होता तेवढाच तिला दिला. ती लोट्याइतकीच स्थिर बसली.

फोटो उतरला तेव्हा मलाच विश्वास बसेना. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, अर्ध्यावर सावली, सुरकुत्या एकेक मोजून घ्याव्यात अशा, आणि डोळे थेट समोर. स्टुडिओवाल्यानेही त्या दिवशी कांद्याची चौकशी केली नाही. मुंबईच्या एका स्पर्धेसाठी मी एक प्रत वेगळी ठेवली. दुसरी काळ्या लाकडी चौकटीत बसवून, मागे हुक लावून, स्वतः नेऊन दिली. तारीफ ऐकायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू.

घरात सून होती. तिने फोटो हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. मी चहा न घेता परत आले. संध्याकाळी मुलगा शिफ्ट संपवून आला तो फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून.

‘मॅडम, राग मानू नका,’ तो म्हणाला. ‘माय जिती हाय ना अजून. असा फोटो घरात नाही चालत. बायको घाबरून गेली.’

कसा फोटो, हे त्याने सांगायची गरज नव्हती. त्या रांगेतल्या प्रत्येक खोलीत असा एक होता: एकटं माणूस, छातीपर्यंत, मागे काळोख, चौकट काळी, वर हार. जिवंत माणसाचे फोटो जोडीने असत, मुलांना मांडीवर घेऊन असत, रंगीत असत. आमच्या कोकणातही तेच. मला कळायला हवं होतं. पण पंधरा दिवस मी फक्त उजेड बघत होते आणि हार घालायचा फोटो जिवंत बाईच्या घरी नेऊन दिला होता. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. माझं सगळ्यात चांगलं काम जुन्या वर्तमानपत्रात परत आलं होतं. मी तो कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभा करून ठेवला.

दोन दिवसांनी म्हातारी आली. खोलीभर नजर फिरवली आणि बरोबर कपाटामागे वाकून पाहिलं. ‘माले भिताडकडे तोंड करीसन ठेवं का तुम्हीन?’

मी मुकाट्याने खिळा ठोकला. फोटो माझ्या खोलीत, खिडकीसमोर लागला. स्पर्धेसाठी ठेवलेल्या प्रतीबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, अनोळखी लोकांना तोंड दाखवून काय करू, घरचे बघत नाहीत ते आधी बघू देत. ती प्रत मी पाठवली नाही. याचं मला पुढे बरेच दिवस वाईट वाटत होतं, तेही सांगून टाकते.

मग तिचा नेम झाला. आठवड्यातून एकदा यायची, जमिनीवर बसायची, चहा प्यायची आणि फोटोकडे बघायची. कधी नातींना घेऊन यायची. त्या सुरुवातीला घाबरायच्या, मग फोटोच्या खालीच सागरगोटे खेळायला लागल्या. एकदा शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. भिंतीकडे पाहून त्यांनी हळू आवाजात विचारलं, ‘यांना जाऊन किती दिवस झाले?’ म्हातारी तिथेच खाली बशीत चहा ओतत होती. ती म्हणाली, ‘आजून तारीख ठरनी नही.’ त्या बाई चहा अर्धा टाकून गेल्या. आम्ही दोघी किती तरी वेळ हसत होतो.

असं पाच-सहा वर्षं चाललं. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. एका मे महिन्यात मी सुट्टीला कोकणात गेले. जूनमध्ये परतले तर त्यांच्या खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. मसाटचा तो कारखाना शेठने बंद केला होता आणि ते सगळे गावी गेले होते. शेजारणीने माझ्यासाठी ठेवलेली एक पिशवी दिली. आत तो चेपलेला लोटा होता. निरोप काहीच नाही.

पाचोऱ्याकडचं गाव, एवढंच मला माहीत होतं. सहा वर्षांत मी तिला गावाचं नाव विचारलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ मला पाठ होती आणि पत्ता ठाऊक नव्हता. तिने एकच गोष्ट मागितली होती, की तिचं तोंड तिच्या माणसांत राहावं, आणि ते राहिलं होतं माझ्या भिंतीवर. मी स्वतःवर चिडले, तिच्या मुलावर चिडले, आणि फोटो पुसत राहिले. कोणी विचारलं, किती दिवस झाले, तर काय सांगावं ते कळायचं नाही.

त्याच्या पुढच्या थंडीत, रविवारी सकाळी, मी पेरूंची मांडणी करत होते. दार वाजलं. दारात तिचा मुलगा होता. डोक्यावरचे केस बोटभरही वाढलेले नव्हते. मी काही विचारलं नाही.

तो आत आला आणि फोटोसमोर उभा राहिला. मग म्हणाला, ‘माय शेवटी सारखं एकच बोलत होती. मी सिल्वासाले शे, बाईसना घर. माले तठून लई ये.’

मी सिल्वासाला आहे, बाईंच्या घरी. मला तिथून घेऊन ये.

फोटो परत केलात तेव्हा काय झालं होतं, असं मला विचारायचं होतं. ते वाक्य मी कित्येक महिने तयार ठेवलं होतं. ते बोलले नाही. फोटो खाली काढला, काच पुसली. लोटाही पुढे केला. त्याने तो हातात घेऊन उलटा केला, चेपलेल्या जागी बोट फिरवलं आणि परत ठेवला. ‘हा तिनं तुम्हाला दिला,’ तो म्हणाला.

मी गुंडाळायला वर्तमानपत्र शोधू लागले. तो म्हणाला, ‘कागद नको, मॅडम.’

त्याने चौकट छातीशी धरली, चेहरा बाहेरच्या बाजूला, आणि निघाला. मी बस स्टँडपर्यंत बरोबर गेले. रस्त्यावर रविवारचा बाजार होता. धरणाकाठच्या दुधनीहून मासळी घेऊन आलेल्या बायका उठून बाजूला झाल्या. एका रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून हात जोडले. स्टुडिओवाला दुकानातून खाली उतरला आणि चप्पल काढून उभा राहिला. मी मागून चालत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

माझ्या फोटोंचं प्रदर्शन कधी भरलं नाही. माझ्या दारापासून बस स्टँडपर्यंत, काय झालं ते तेवढंच. बस सुटल्यावर मी घरी आले आणि पेरू खाऊन टाकले.