दत्तामामाने न बघितलेला सीझन

दत्तामामाच्या गॅरेजमध्ये एक पत्र्याचा डबा आहे. गाडी खोलून परत जोडली की एखादा नट उरतोच, तो मामा त्या डब्यात टाकतो. (हे गिऱ्हाइकांना सांगू नका!) गेल्या रेसिंग सीझनचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. कुठे बसवायचे कळत नाही आणि फेकूनही देववत नाहीत.

* * *

गॅरेज अक्कलकोट रोडला आहे. शेजारी रफिकचाचांचं सीटकव्हरचं दुकान. रविवारी दोन्हीकडे सुट्टी, पण गॅरेजचं शटर अर्धं उघडं असतं, कारण आत टीव्हीवर मोटरसायकलची रेस लागते. मामा, चाचा, शेंगा सोलत बसलेली मामी आणि मी, एवढेच प्रेक्षक.

गेल्या वर्षी एक वीस वर्षांचा परदेशी पोरगा पहिल्यांदाच वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये उतरला. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच नीट म्हणता येत नाही. मामाने त्याचं नाव ठेवलं बारक्या!

पहिल्याच रेसमध्ये बारक्या पडला. उठून त्याने हेल्मेट काढलं, तशी मामी हळहळली. "अगं बाई, किती वाळलंय हे! आई जेवायला घालत न्हाय व्हय?"

"रेसरला वजन कमीच ठेवावं लागतं," मामा म्हणाला.

मामीने मामाच्या पोटाकडे एकदा बघितलं. "बरं झालं तुमी गॅरेज टाकलं!"

* * *

दुसऱ्या रेसच्या वेळी मामा कुणाची तरी बंद पडलेली गाडी आणायला गेला होता. बारक्या जिंकला! तिसरी रेस मामाने बघितली. बारक्या पडला. चौथीला मामा मोडनिंबला लग्नात होता. बारक्या पुन्हा जिंकला!

रफिकचाचा बराच वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "दत्ता, बुरा नक्को मान. तू नक्को देख."

त्या दिवशी मामा जेवला नाही. वीस वर्षं तो असा एखादा पोरगा बघायची वाट बघत होता. तो आला, आणि मामाच्याच नजरेने पडायला लागला!

* * *

तेव्हापासून नियम झाला. रेस सुरू झाली की मामाने बाहेर जुन्या टायरवर टीव्हीकडे पाठ करून बसायचं आणि आतून कुणीतरी काय चाललंय ते सांगायचं. मामीचे हात शेंगांत. चाचा फक्त "वाह!" आणि "तौबा!" म्हणतात. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

वर्गात मी "हजर" म्हणते ते बाईंना ऐकू जात नाही, म्हणून मी हात वर करते. आणि मला कॉमेंट्री!

पहिल्या दिवशी मी जमेल तेवढं नीट सांगत होते. "आता तो वळणावर आहे. गाडी खूप कललीय. गुडघा जमिनीला टेकलाय. मागे डोंगर आहेत, त्यावर ऊन पडलंय."

बाहेरून मामा ओरडला, "डोंगर ऱ्हाऊ दे गं, नंबर सांग नंबर!"

* * *

एका रविवारी एक गृहस्थ पंक्चर झालेली स्कूटर ढकलत आले. मामा टायरवर डोळे मिटून बसलेला.

"किती वेळ लागंल?"

"चार लॅप."

त्यांना वाटलं, ही काहीतरी नवीन पद्धत असेल. ते निमूट बसले. आतून मी नंबर सांगत होते आणि प्रत्येक नंबराला मामा मांडीवर थाप मारत होता. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरगा कोन तुमचा?"

"भाचा," मामा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ते पेढे घेऊन आले. "पेपरात वाचलं की! भाच्यानं नाव काढलं!"

मामाने पेढे घेतले. वर म्हणाला, "त्याला कळवतो."

* * *

मग एकदा मामीच्या लक्षात आलं, की रेसच्या दिवशी गॅरेजबाहेर लावलेल्या सगळ्या गाड्यांचे आरसे एकाच बाजूला वळलेले असतात. ती उठून बाहेर गेली, मामाला उठवून टायरवर बसली आणि आरशात पाहिलं. आख्खा टीव्ही दिसत होता!

"तरीच म्हनलं, पयल्या नंबरावरनं तिसऱ्यावर कसा आला!"

"आरशात उलटं दिसतं, ते बघण्यात धरत न्हाईत," मामा म्हणाला.

चाचांनी निकाल दिला, "आरसे में देखना भी देखनाच है!" त्यांनी आतून जुनी सीटकव्हरं आणली आणि एकेका आरशावर घातली.

* * *

शेवटची रेस. बारक्याला जिंकायचीसुद्धा गरज नव्हती. पहिल्या दहांत आला की पहिल्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियन! मामाने सकाळपासून चहाही घेतला नव्हता. दुपारी तो टायरवर जाऊन बसला आणि वर डोक्यावर टॉवेल घेतला.

दुसऱ्या लॅपला, वळणावर, बारक्या पडला.

चाचा "तौबा"सुद्धा म्हणाले नाहीत. मामीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"नंबर?" बाहेरून आवाज आला. मग परत, अगदी हळू, "नंबर सांग की गं."

"मामा, पडला."

मग टॉवेल खाली आला.

"मी बघत हुतो का?"

"नाही."

"आरशात?"

"नाही मामा."

मामा ताडकन उठला. "म्हंजे मी न बघताबी पडतंय की हे!" आणि शटरखालून वाकून तो आत आला, टीव्हीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसला.

बारक्याने गाडी उचलली होती. सगळ्यात शेवटी होता. मग एकेकाला मागे टाकत निघाला. मामा नंबर मोजत होता. मोठ्याने नाही, माझ्यासारखा, पुटपुटत. अठरा. पंधरा. बारा. शेवटच्या लॅपला, शेवटच्या वळणावर, दहा!

चाचांनी मामाला मिठी मारली. मामीने शेंगांचं सूप उधळलं. हेल्मेट काढून बारक्या रडत होता, आणि मामाही. "बघितलं मी," तो सारखा म्हणत होता, "या डोळ्यांनी बघितलं!"

मग अचानक तो थांबला. वळून आम्हा तिघांकडे बघायला लागला.

"तो पडला, तवा टीव्हीकडं कोन कोन बघत हुतं?"

मामी म्हणाली, "मी तर शेंगा सोलत हुते."

चाचा म्हणाले, "मेरा चश्मा घर पे है." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी वर्गातल्यासारखा हात वर केला.

आज नव्या सीझनची पहिली रेस आहे. मी बाहेर टायरवर बसून हे लिहितेय. आत मामा कॉमेंट्री करतोय. मघापासून फक्त "अगं आई गं!" एवढंच ऐकू येतंय.

"मामा, नंबर सांग!" मी ओरडले. रस्त्यापलीकडच्या माणसाने वळून पाहिलं.

"अगं आई गं!" मामा म्हणाला.