मामांचा बांध आणि माझी मुलाखत

आता तुम्ही चहा घेताय तोवर सांगूनच टाकते, फक्त ऐकताना कप खाली ठेवा. दिल्लीच्या कामासाठी माझी निवड व्हायच्या आधीच माझा सत्कार झाला होता. आणि त्या सत्कारात मी माझ्या सख्ख्या मामांचं जे केलं, ते त्यांच्या वैऱ्यालाही इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

मी शीतल. नाव शीतल, डोकं गरम, आणि जीभ डोक्याच्या दोन पावलं पुढं. इथंच संभाजीनगरला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. दिल्लीतल्या एका संस्थेत आंतरराष्ट्रीय कायद्यावर संशोधन करायची इंटर्नशिप निघाली होती. देशादेशांच्या सीमा, त्यांचे वाद, जुने करार, असलं सगळं वाचायचं आणि मोठ्या संशोधकांना टिपणं काढून द्यायची. मी जीव तोडून अर्ज केला आणि मला मुलाखतीचं बोलावणं आलं, तेही ऑनलाइन. बास, एवढंच झालं होतं!

आमच्या घरात चांगली बातमी आधी मामांना जाते. मामा खुलताबादच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला राहतात. मुलाखत आहे, आशीर्वाद द्या, एवढं बोलून मी फोन ठेवायला हवा होता की नाही? पण मामांनी विचारलं, निवड झाली का. आणि मी म्हणाले, "झाल्यातच जमा आहे, मामा."

"काम काय असतंय तिथं?"

"देशादेशांची भांडणं असतात ना, ती बघायची."

पलीकडं मामा एकदम गप्प झाले. मला वाटलं, भरून आलं असेल. कशाचं भरून येतंय! मामा फ्लेक्सचा मजकूर ठरवत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावच्या फाट्यावर मी लटकले. फोटो चुलतबहिणीच्या लग्नातला, नथ तशीच, आणि गळ्याखाली कुठल्यातरी वकिलाचा काळा कोट चिकटवलेला. मागं पृथ्वीचा गोळा. 'देशादेशांची भांडणे मिटवण्यासाठी दिल्ली येथे निवड झाल्याबद्दल आमची भाची कु. शीतल हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून मामा, कानाला मोबाइल लावून, माझ्या दुप्पट आकाराचे.

व्हॉट्सॲपवर तो फ्लेक्स बघून बाबांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे म्हणाले, आता निवड झालीच पाहिजे, नाहीतर तुझ्या मामाला त्या फाट्यावरून जाता येणार नाही. आधी फक्त इंटर्नशिप पणाला लागली होती, आता मामांची अब्रूही लागली.

त्यात मामांनी सत्कार ठरवला. कोणत्या दिवशी? मुलाखतीच्याच! मी फोनवर भांडले, रडायचंच काय ते बाकी ठेवलं. पण पाहुण्यांना निरोप गेले होते, मंडपवाल्याला सुपारी दिली होती. मुलाखत दुपारी, सत्कार संध्याकाळी, वरच्या खोलीत नेट लई भारी आहे, तू कशाला घोर करतीस, असं म्हणून मामांनी विषय संपवला.

गेलो. मंडप सजलेला, लोक जेवणापासूनच येऊन बसलेले. आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून रावसाहेब आबा. हे मामांचे शेतशेजारी. दोघांच्या मधल्या बांधावरून कैक वर्षांचं वैर, बोलणंचालणं बंद. पण गावजेवणाला आमंत्रण सगळ्या गावाला असतं, म्हणून आले होते.

मंडपवाल्यानं मला सत्काराच्या भाषणासाठी आधीच कॉलर माईक लावला. आवाज तपासून झाला. तो बटण कसं बंद करायचं ते समजावायला लागला, तर मी म्हणाले, दादा, मला कळतं. बटण दाबलं आणि वर पळाले. आईला बजावलं, मुलाखत संपेपर्यंत दार वाजवायचं नाही. आतून कडी घातली, कानाला हेडफोन लावले.

तुम्हाला कळलंच असेल. मी बटण दाबलं होतं, पण बंद झालं नव्हतं!

पलीकडं दोन सर आणि एक मॅडम. मॅडम मूळच्या नागपूरकडच्या. सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, तुम्हालाच का निवडायचं. मी नम्रपणे म्हणाले, "सर, मुझे पता है, अभी मेरा सिलेक्शन नहीं हुआ है।" हे वाक्य खाली मंडपात, चारी कर्ण्यांतून, मामा पाहुण्यांना फ्लेक्सचा खर्च सांगत असताना ऐकू आलं.

आई धावत वर आली, दार वाजवलं. मी ऐकलंच नाही. मंडपवाला आवाज बंद करायला गेला, तर रावसाहेब आबांनी त्याचा हात धरला. "ऐकू दे की. पोरगी चांगलं बोलायली."

मुलाखत रंगात आली होती. मग मॅडम म्हणाल्या, पुस्तकातलं पुरे झालं. एखादा देश शेजाऱ्याची जमीन हळूहळू कशी गिळतो आणि जग गप्प का बसतं, हे तुझ्या गावातल्या माणसाला कळेल असं मराठीत सांग.

झालं! जीभ सुटली.

"मॅडम, माझ्या मामांचंच घ्या. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या शेतांच्या मध्ये एक बांध आहे. मामा दरवर्षी नांगरताना तो वीतभर कोरतात. एकदम कोरला तर भांडण होईल, पण वीतभरासाठी कोर्टात कोण जाणार? आणि गाव गप्प बसतं, कारण मामांचा ट्रॅक्टर सगळ्यांना लागतो."

मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. शेजाऱ्याकडं काही पुरावा आहे का, असं त्यांनी विचारलं.

आता इथं तरी गप्प बसावं ना? पण मामांनीच दिवाळीत हसत हसत सांगितलेलं मला आठवलं.

"हद्दीचा दगड होता, मॅडम. तो सध्या मामांच्या गोठ्यात आहे, म्हशीच्या पाण्याच्या टाकीखाली."

खालून काहीतरी गलका ऐकू आल्यासारखा वाटला. मला वाटलं, हारवाला आला असेल.

मुलाखत संपली. मी खुशीत, केस सारखे करत खाली उतरले. मंडप अर्धा रिकामा. स्टेजवर मामा शाल हातात घेऊन उभे, नुसते उभे. आई पदर तोंडाला लावून बसलेली. मी म्हणाले, मस्त झाली मुलाखत, लोक कुठं गेले? माझा हा प्रश्नही सगळ्या गावाला ऐकू गेला, तेव्हा कुठं माझी नजर कॉलरकडं गेली. धरणी पोटात घेईना म्हणून मी खुर्चीत बसले.

लोक गोठ्यात गेले होते. थोड्या वेळानं रावसाहेब आबा परत आले, मागं सगळं गाव, आणि दोघा जणांच्या हातांत तो दगड. दगड त्यांनी स्टेजवर हारांच्या ताटाशेजारी ठेवला. मामांच्या हातातली शाल घेतली आणि माझ्या खांद्यावर घातली. "पोरगी न्यायाची हाय," एवढंच म्हणाले. गावानं टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवायला लागले म्हणून मामांनाही वाजवाव्या लागल्या. मला इतकी लाज वाटली की नारळ घ्यायचाही राहिला.

आठवड्याभरानं मेल आला. निवड झाली! मी घरभर नाचले, बाबांनी पेढे आणले. मग खालचा मजकूर वाचला. मॅडमना बांधाचं उदाहरण इतकं आवडलं होतं की मला विषयच तो दिला. गावाची हद्द आणि देशाची सीमा. दिल्लीला यायची गरज नाही, गावातच राहा आणि दोन्ही पक्षांची बाजू सविस्तर लिहून घ्या. आई म्हणाली, बरं झालं बाई, मामाकडंच राहा, जेवणाची तरी सोय होईल.

बॅग घेऊन फाट्यावर उतरले. मामांचा फ्लेक्स गेला होता. त्या जागी नवा, फोटो तोच, नथही तीच. 'बांधाचा न्याय केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' शुभेच्छुक रावसाहेब आबा, गॉगल लावून.

मामा ओट्यावर बसले होते. मी वाकून नमस्कार केला आणि चाचरत म्हणाले, "मामा, तुमची बाजू लिहून घ्यायला आलेय."

मामांनी बराच वेळ माझ्या कॉलरकडं बघितलं. मग घराकडं तोंड करून मामींना म्हणाले, "आधी हिची झडती घे. मग पाणी दे."

आणि मामींनी खरंच घेतली.