कुणीही न मागितलेल्या नोंदी

मला सांगा, स्वतःच्या बापाशी बोलायला कुणाला सॉफ्टवेअर लागतं का? मला लागलं. आणि वर मला त्याचा अभिमानही होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करायला नको.

जर्मनीत, एर्लांगेनमधल्या एका संस्थेत मी संशोधन करत होते. आमचं काम सांगायला सोपं होतं, करायला जीवघेणं. वेबवरच्या दोन सेवांना एकमेकींशी बोलायचं असलं की एक दुसरीला हाक मारते आणि उत्तर येईपर्यंत ताटकळत बसते. दोघींना एकमेकींचा पत्ता ठाऊक हवा, दोघी त्या क्षणी चालू हव्यात. आमचं म्हणणं, हाका मारायच्याच नाहीत. मधे एक सामायिक जागा ठेवायची. ज्याला जे सांगायचंय त्याने ते तिथे लिहून मोकळं व्हावं, छोट्या वाक्यात: कोण, काय, किती. शब्दांचे अर्थही तिथेच नोंदवलेले, म्हणजे एका प्रयोगशाळेची ‘साखर’ आणि दुसरीचं ‘ग्लुकोज’ एकच आहे हे मशीनला आपोआप कळतं. ज्याला वाचायचंय त्याने आधी सांगून ठेवायचं की मला अमुक प्रकारच्या नोंदी पाहिजेत. तेवढ्याच त्याच्यापर्यंत पोचतात. बाकीच्या तिथेच पडून राहतात, कुणाला त्यांचा त्रास नाही.

बाबा नागपूरला. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, अख्खी नोकरी खांबांवर चढून लोकांच्या तारा जोडण्यात गेली. एका सुट्टीत मी त्यांना हे सगळं अगदी रंगात येऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे कोणी कोणाले फोनच नाही करत?”

“नाही बाबा, तीच तर गंमत आहे.”

“कायची गंमत बाप्पा!” म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

आई गेल्यावर ते त्या घरात एकटे राहिले. साखर होती, बीपी होतं, हृदयाचं दुखणं नवीन होतं. धाकटा भाऊ पुण्याला, मी इकडे. आम्ही दोघंही रोज फोन करायचो आणि दोघंही तेच विचारायचो. साखर किती, गोळी घेतली का, डॉक्टर काय म्हणाले. बाबा एकाला एक सांगायचे, दुसऱ्याला दुसरं, आणि मग आम्ही बहीणभाऊ एकमेकांवर खेकसायचो. “तू नीट विचारत नाहीस.” “ताई, तू तिथे बसून हुकूम सोडू नकोस.” असं महिनाभर चाललं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा, मी याचा बंदोबस्तच करते.

आमच्या प्रकल्पाच्याच सर्व्हरवर मी बाबांसाठी एक सामायिक जागा उघडली. त्यांना टॅब पाठवला. त्यावर मोठी मोठी बटणं: साखर, बीपी, गोळी, दुखणं, डॉक्टर. बटण दाबायचं, लिहायचं, पाठवायचं. खाली हिरवी खूण यायची, ‘नोंद पोचली’. भाऊ म्हणाला, “अगं, त्यांना वेगळंच काही लिहायचं असलं तर?” म्हणून शेवटी एक बटण टाकलं, ‘इतर’, फक्त माझ्या नावाचं. भावाचं समाधान व्हावं म्हणून. त्या नोंदी मागवायची ओळ मी लिहिलीच नाही. प्रोग्रॅममध्ये त्या जागी शेरा मारून ठेवला, ‘हे नंतर बघू’. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने असे शेरे मारलेले असतात आणि कुणीही ते नंतर बघत नाही.

बाबांनी मात्र मन लावून शिकून घेतलं. रोज सकाळी साडेसातला साखर यायची. एक दिवस चुकला नाही. माझ्या स्क्रीनवर छान आलेख निघायचा. साखर वाढली की मला आणि भावाला एकाच वेळी कळायचं, भांडणं संपली. फोनही हळूहळू कमी झाले. रोजचा फोन आठवड्यावर गेला, आठवड्याचा कधी पंधरा दिवसांवर. विचारायचं काय, सगळं तर दिसतच होतं! फोन केला तरी मी इन्स्पेक्टरसारखी सुरू व्हायचे. “परवा दोनशे दहा कशी गेली? काय खाल्लंत?” बिचारे म्हणायचे, “शेजारून खीर आली होती वं माय.” मी त्या खिरीवरूनही त्यांना बोलले. आज त्या खिरीची आठवण झाली तरी जीभ उपटून टाकावीशी वाटते.

आमच्या प्रोफेसरांना हे भारी आवडलं. “गेनाऊ! अगदी बरोबर, हेच दाखवायचं,” म्हणाले. बाकीच्यांची उदाहरणं हॉटेल बुकिंगची, विमानाच्या तिकिटांची, आणि माझं खऱ्या माणसाचं. ड्रेस्डेनला एका कार्यशाळेत मी बाबांचा आलेख पडद्यावर लावला. नागपुरात एक म्हातारा सकाळी बोट टोचतो आणि इथे कुणीही कुणाला हाक न मारता सगळ्यांना सगळं कळतं, असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. परतीच्या गाडीत मी खुशीत दोन केक खाल्ले.

त्याच आठवड्यातला एक फोन मला शब्दन्‌शब्द आठवतो. एप्रिल होता. मी सायकल लावून संस्थेच्या दाराशी उभी होते, पाच मिनिटांनी मीटिंग होती. त्या दिवशी आपण होऊन बाबांनीच फोन केला होता. इकडचं तिकडचं झालं आणि मग ते म्हणाले, “मी लिहिलं होतं ते वाचलं का माय?”

मी म्हटलं, “हो बाबा, वाचलं ना. रोज वाचते मी सगळं.”

“बरं,” म्हणाले. “मंग?”

“मग काय? सगळं ठीक आहे. असंच चालू द्या.”

मग म्हणाले, “ठीक आहे. ठेवतो. तुझं काम असंल.”

मी फोन खिशात टाकला आणि वर गेले. खरं सांगते, तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं, मीटिंगला उशीर झाला नाही म्हणून. त्यानंतर त्यांनी आपण होऊन फोन केला नाही. मी केला की दोन मिनिटांत “ठेवतो” म्हणायचे. मला वाटलं, म्हातारा शहाणा झाला, आता माझा वेळ खात नाही.

ऑगस्टमध्ये ते गेले. सकाळची साखर लिहिली, गोळीची नोंद केली, आणि आंघोळीला जाताना कोसळले. मी पोचले तोवर भावाने सगळं उरकलं होतं, थांबणं शक्यच नव्हतं. पुण्यानुमोदनाला घर माणसांनी भरलं. बुद्धवंदना झाली. बाबांचे खात्यातले जुने सोबती मला म्हणाले, “तुझं लई कौतुक होतं त्यायले. पोरगी जर्मनीतून माझ्यावर लक्ष ठेवते म्हणायचे.” मी मान डोलावली. मला ते खरं वाटलं हो. रडत होते, पण आतून एक समाधान होतं, की आपण त्यांचं काही कमी केलं नाही.

पुढच्या वर्षी प्रकल्पाची मुदत संपली. सर्व्हर बंद करायचा होता. प्रोफेसर म्हणाले, “आल्झो, तर मग, कुणाची काही माहिती राहिली असेल तर काढून घ्या, शुक्रवारी सगळं पुसलं जाईल.” मी बाबांच्या नोंदी उतरवून घ्यायला बसले. दुपार होती, शेजारच्या टेबलावर कुणीतरी सफरचंद कापत होतं. बाबांच्या जागेत एकूण किती नोंदी आहेत ते पाहिलं, आणि माझ्या आलेखांमध्ये किती आहेत ते पाहिलं. आकडे जुळेनात. मला वाटलं माझ्याच प्रोग्रॅममध्ये चूक आहे. म्हणून कुणीही न मागितलेल्या नोंदी काढायची आज्ञा दिली.

यादी संपेचना. सगळ्या ‘इतर’.

बाबा बोलायचे नागपुरी, पण लिहायचे सरकारी अर्जासारखं. पहिलीच नोंद होती, “मुलीस कळावे की येथे सर्व ठीक आहे. तिकडे थंडी असेल. टोपी घालावी.” मग पानच्या पानं तसंच. “आज तुझ्या आईचा वाढदिवस. विहारात जाऊन आलो.” “शेजारच्यांनी खीर दिली. तुझी आई अशीच करीत असे, म्हणून दोन वाट्या खाल्ल्या. रागावू नये.” “आज कोणाशी बोलणे झाले नाही. विशेष कारण नाही. माहितीस्तव.”

मी टेबलावरून उठले नाही. यादीत खाली खाली जात राहिले. एप्रिलच्या सुरुवातीला ही नोंद होती:

“विषय, भेट. या बुद्ध पौर्णिमेस घरी येणे जमेल का, ही विनंती. आजाराकरिता नाही. प्रकृती बरी आहे. सहज. दोन दिवस आलीस तरी पुरे. पुढील वर्षी मी असेन असे वाटत नाही, परंतु हे भावास सांगू नये, तो घाबरतो. होकार असो वा नकार, कळवावे.”

माझ्याकडे उर्लाउबचे, म्हणजे हक्काच्या रजेचे, वीस दिवस शिल्लक होते तेव्हा. वीस. मी दुसऱ्या दिवशी विमानात बसले असते. देवाशपथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण आईची शपथ, बसले असते.

त्याखाली आठ दिवसांनी, त्या फोनच्याच तारखेला, शेवटची ‘इतर’ नोंद होती. “मुलीने वाचल्याचे फोनवर सांगितले. येण्याबाबत काही बोलली नाही. असेच चालू द्या म्हणाली. तिचा निर्णय मान्य आहे. यापुढे या विषयावर लिहिणार नाही.”

आणि खरंच नाही लिहिलं. त्यानंतर चार महिने ते जगले आणि रोज सकाळी साडेसातला साखर तेवढी लिहीत राहिले. माझ्यासाठी.

बाबा, मी नाही म्हटलं नव्हतं हो. तुम्ही काही विचारलंय हेच मला ठाऊक नव्हतं.